पुढील विश्लेषण नाही

यंत्र कागदाच्या माथ्यावर छापतं:
पेसमेकरची लय. पुढील विश्लेषण नाही.
आणि एक बारीक शिट्टी देऊन गप्प बसतं,
ड्युटी संपल्यासारखं.

माझी संपायला अजून दोन तास आहेत.

सूर गावातलं हे इस्पितळ. खिडकीत खाडी,
पलीकडे अय्जाचा पांढरा दीपस्तंभ,
एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय.
पलंगावर उस्ताद सरूर बिन मुबारक,
जन्मतारीख कार्डावर एक जानेवारी,
म्हणजे कुणालाच ठाऊक नाही.
चाळीस वर्षं गलबतं बांधली, एकदाही नकाशा न काढता.
लाकडाला ते साज म्हणतात, मी साग.
त्यांचा नाखुदा आमच्या दाभोळात नाखवा होतो.
एवढ्यावर आमची ओळख, तीन वर्षांची.

डाव्या खांद्याखाली कातडीआड डबी,
वापरून झिजलेल्या साबणाएवढी.
तिची तार उजव्या कप्प्याच्या तळाशी जाऊन रुतलीय.
ठोका तिथून निघतो.
मूळचा हमरस्ता कधीचाच बंद;
निरोप मांसातून आडवाटेनं पायी जातो
आणि डाव्या भिंतीला उशिरा कळतं
की उजवीनं सुरुवात केलीसुद्धा.
उशिरा, म्हणजे किती?

म्हणून मी कर्कटक काढते,
माझ्या लेकाच्या कंपासपेटीतलं, दहावीनंतर बेकार.
एक टोक रेघ उठते तिथं,
दुसरं ती टेकते तिथं.
बारीक चौकोन म्हणजे चाळीस मिलीसेकंद.
डबी बसवली त्या वर्षी साडेतीन चौकोन.
गेल्या वर्षी चार.
आज साडेचार,
आणि वर केसभर.

'काय मोजतेस?' बंदरावर शिकलेल्या हिंदीत.
'रुंदी.'
हा शब्द ऐकून म्हातारा वायरींसकट उठून बसला.
'आण इकडे.'

कागद उजेडाला धरला, फळीचा रेषा बघावा तसा.
अंगठ्याचं नख ठेवलं, जुन्या कागदावर, मग आजच्या.
'वाढलंय.'
'हो.'
'वाढायला नको होतं?'
'नको होतं.'

मग मी सांगायला लागले, दोन भिंती, एक आधी, एक नंतर,
त्यांनी हात वर करून थांबवलं.
मोठी करवत दोघांची असते, म्हणाले.
एकानं ओढली की दुसऱ्यानं सोडायची.
एक जण उशिरा सोडायला लागला तर
ओंडका कापला जातोच, कापला जात नाही असं नाही.
माणसं दमतात.

शिकाऊ मुलींना मी हे इतक्या नीट कधी सांगितलेलं नाही.

घोट्यापाशी वहाणेच्या पट्ट्याचा वळ.
मी बोटानं दाबलं, खड्डा पडला;
अकरा मोजेपर्यंत भरला नाही.
'उशा किती घेता?'
'दोन.'
'तीन,' दारातून त्यांची मुलगी शमसा म्हणाली,
'आणि पहाटे खुर्चीत.'
त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

फाइलीत मागची सगळी पानं एकसारखी:
बॅटरी उत्तम. तार जागेवर. यंत्र ठीक.
डबी खरोखरच ठणठणीत आहे.
डबीबद्दल कुणी विचारलंच नव्हतं.

अर्थ लावणं माझं काम नाही,
डॉक्टर हिलाल हे दोनदा बोललेत, एकदा सर्वांसमोर.
मी समासात पेन्सिलीनं लिहिलं:
रुंदी एकशे चौऱ्याऐंशी, दरवर्षी वाढती. इको करावा, लवकर.
वाचलं.
मग पेनानं गिरवलं आणि खाली सही केली,
रुकैया मुकादम, अक्षर नको इतकं मोठं आलं.

इकोवाली मस्कतहून मंगळवारी येते.
आज गुरुवार.

छातीवरचे चिकट तुकडे काढताना पांढरे केस उपटले गेले,
तेव्हा कुठे त्यांनी तोंड वाकडं केलं.
कागद हवा म्हणाले, आपल्याकडे ठेवायला.
मी आणखी एक काढून दिला.
घडी घालता घालता थांबले,
वरच्या इंग्रजी ओळीवर नख टेकवलं.
'इथं काय लिहिलंय?'

'तुमचं नाव,' मी म्हणाले.
नाव होतंच तिथं,
त्या ओळीच्या जरा वर.